मोर्व्हाँच्या जंगलातून सायकलवर: वेझले ते ओतां, पाच दिवसांत

पहिल्या खेपेला आम्ही रोजचे पासष्ट किलोमीटर आखले होते. ताम्हिणी उतरून त्याच दिवशी परत चढलेली माणसं आम्ही, नऊशे मीटरच्या टेकड्यांचं काय एवढं, असा हिशेब होता. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सात वाजता एका म्युझियमच्या बंद फाटकासमोर उभे होतो. गुडघ्यापर्यंत चिखल, बाटल्या रिकाम्या, आणि डोक्यावर मात्र लख्ख ऊन. जूनमध्ये तिथं रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे अजून बराच वेळ हातात आहे असं वाटत राहतं. दारं मात्र सहालाच लागतात. दुसऱ्या खेपेला रोजचे चाळीसच्या आत ठेवले आणि तोच प्रदेश वेगळा दिसला. हा लेख त्या दुसऱ्या खेपेवरून लिहिलेला आहे.

मोर्व्हाँ म्हणजे पॅरिसच्या आग्नेयेला दोन-अडीचशे किलोमीटरवर, बरगंडीच्या मधोमध वर आलेला ग्रॅनाइटचा उंचवटा. सर्वांत उंच माथा ओ-फोलँ, ९०१ मीटर. बरगंडीची वाइन प्यायला आलेली मंडळी कडेकडेनं निघून जातात, कारण आत द्राक्षमळे नाहीत. आत आहेत ओक, बीच, गुरांची कुरणं आणि पाऊस. आसपासचे लोक पूर्वी म्हणायचे, मोर्व्हाँतून ना धड वारा येतो, ना धड माणसं. १९७० पासून हा भाग प्रादेशिक निसर्ग उद्यान आहे. पण ‘निसर्ग उद्यान’ या शब्दानं फसू नका. हे जंगल म्हणजे लाकडाची वखार आहे. कित्येक शतकं पॅरिसच्या चुली याच लाकडावर पेटल्या, आणि आजही इथून ट्रक भरभरून लाकूड जातं. रस्ता, चिखल, तळी, गावं, या सगळ्याचं कोडं वखार लक्षात ठेवली की सुटतं.

कधी जायचं, आणि कोणत्या वारी

मे अखेर ते जून, किंवा सप्टेंबरचा पहिला पंधरवडा. जुलै-ऑगस्टमध्ये तळ्यांच्या काठी गर्दी होते. ऑक्टोबरमध्ये बीचची पानं तांब्यासारखी होतात, जीव वेडावतो, पण तो शिकारीचा हंगाम असतो. सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत रानडुकरांच्या हाक्याची शिकार चालते. वाटेच्या तोंडाशी ‘शास आं कूर’ (शिकार चालू आहे) अशी पाटी दिसली तर मुकाट्यानं मागं फिरा. शरदात जाणारच असाल तर भडक नारिंगी जॅकेट घाला. काळी जर्सी फोटोत छान दिसते, झाडीत दिसत नाही.

वार महत्त्वाचा आहे. रविवारी दुपारनंतर आणि सोमवारी खेड्यांत जवळजवळ सगळं बंद असतं, बेकरीसुद्धा. म्हणून सोमवारी संध्याकाळी वेझलेला पोचा, मंगळवारी निघा, शनिवारी संपवा. दुपारी बारा ते दोन दुकानांना कुलूप असतं, आणि खाणावळीत दीडनंतर गेलात तर स्वयंपाकघर बंद झालेलं असतं. आमचं निम्मं नियोजन या दोन तासांभोवती फिरायचं: साडेअकराला गावात शिरायचं, ब्रेड आणि चीज घ्यायचं, मगच पुढचा चढ.

कागदपत्रं आणि खाऊ

भारतातून जाणाऱ्यांना शेंगेन व्हिसा लागतो. प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून अर्ज करता येतो, उन्हाळ्यासाठी मार्चमध्येच हात घाला. विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. पण स्वस्त पॉलिसीत ‘साहसी खेळ वगळून’ अशी बारीक ओळ असते आणि माउंटन बायकिंग नेमकं तिथंच बसतं. ती ओळ वाचा.

खाऊचं सांगतो, कारण यात घोळ होतो. युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे पेढे, खवा, तूप घरीच. भाकरवडी, शेंगदाण्याची चिक्की, खजूर बिनदिक्कत न्या. चढावर चिक्कीला तोड नाही.

शाकाहाऱ्यांनी एक वाक्य पाठ करावं: ‘सां व्हियांद, सां प्वासों, सां लार्दों’. मांस नको, मासे नकोत, आणि लार्दों, म्हणजे डुकराच्या खारवलेल्या मांसाचे बारके तुकडे, तेही नकोत. नुसतं ‘मांस नको’ म्हटलं की हसतमुखानं सॅलड आणून ठेवतात आणि त्यावर लार्दों पेरलेले असतात. त्यांच्या लेखी ती फोडणी. इथली जाड धिरडी, क्रापियो, त्यांच्यातही बहुधा तेच असतं. विचारून घ्या.

सायकल: न्यायची की भाड्यानं

मी भाड्याच्या बाजूचा. सायकलचा खोका घेऊन पॅरिस विमानतळावरून बेर्सी स्टेशन गाठणं हा एक स्वतंत्र क्रीडाप्रकार आहे. शिवाय सहल एका टोकाला सुरू होऊन दुसऱ्या टोकाला संपते, मग रिकामा खोका ठेवायचा कुठं? भाड्यानं घेताना दोन महिने आधी ईमेल करा आणि ‘व्हे-ते-ते’ असं म्हणा, फ्रान्समध्ये माउंटन बाइकला हेच नाव. पुढे १००-१२० मिलिमीटरचा सस्पेन्शन फोर्क, मागे काही नाही, २९ इंची चाकं, ट्यूबलेस टायर: एवढं पुरतं. इथले उतार उड्या मारायचे नाहीत, ओल्या मुळांवरून तोल सांभाळत उतरायचे आहेत.

सायकल ताब्यात आली की पहिलं काम: ब्रेक कोणता कुठला ते पाहा. आपल्याकडच्या बऱ्याच सायकलींना उजवा ब्रेक पुढच्या चाकाचा असतो. फ्रान्समध्ये डावा पुढचा. वळणावर सवयीनं बोट दाबलं तर हँडलवरून पुढं जाल. दुकानासमोरच्या मोकळ्या जागेत दहा मिनिटं नुसतं ब्रेक मारत फिरा. त्यांच्या पंपावर हवा बारमध्ये मोजतात, एक बार म्हणजे साडेचौदा पीएसआय. माझं वजन बहात्तर किलो, मी मागं १.८ आणि पुढं १.६ बार ठेवतो, म्हणजे साधारण २६ आणि २३ पीएसआय.

पिशवीत काय? एक ट्यूब, टायर लिव्हर, प्लग, छोटा पंप, चेन टूल, दोन क्विक लिंक, ॲलन कीचा संच. आणि एक वस्तू जी कुणी सांगत नाही: त्याच सायकलचा जादा डिरेलर हँगर. डिरेलर म्हणजे मागचे गिअर बदलणारा भाग, तो या हँगरवर टांगलेला असतो. पहिल्या खेपेला तोडलेल्या लाकडाच्या काटक्यांतून जाताना हाताएवढी एक फांदी मागच्या चाकात शिरली, डिरेलरला घेऊन वर गेली आणि काडकन आवाज झाला. हँगर म्हणजे बोटाएवढा ॲल्युमिनियमचा तुकडा, मुद्दाम कमजोर केलेला, फ्रेम वाचावी म्हणून. तो दोन तुकडे होऊन माझ्या तळहातावर. वार सोमवार. आतेभाऊ, जो लिओंला राहतो आणि ज्याला फ्रेंच येतं, फोनवर फोन लावत होता. शेवटी म्हणाला, “अरे, उद्या दहाला उघडतात. तोपर्यंत ढकल.” चौदा किलोमीटर ढकलली. प्रत्येक मॉडेलचा हँगर वेगळा असतो, तेव्हा दुकानदाराकडून घेताना लावून पाहा.

वाट कशी वाचायची

फोनमध्ये आयजीएनचे, म्हणजे फ्रान्सच्या सरकारी नकाशा संस्थेचे, १:२५,००० चे नकाशे उतरवून ठेवा, दऱ्यांत रेंज जाते. व्हे-ते-ते मार्गांची खूण म्हणजे एक त्रिकोण आणि दोन वर्तुळं, झाडाच्या खोडावर किंवा खांबावर. त्रिकोण हा बाणासारखा वाचू नका: त्याच्या ज्या बाजूला वर्तुळं, तिकडे वाट. शेजारी पांढरा-लाल पट्टा दिसला तर तो पायी चालणाऱ्यांचा लांब पल्ल्याचा मार्ग. मोर्व्हाँतून असा जीआर १३ जातो. त्यावर तुम्ही पाहुणे, चालणाऱ्याला आधी जाऊ द्या आणि ‘बॉंजूर’ म्हणा. ‘बॉंजूर’ न म्हणता दुकानात शिरलात तर तुम्हाला ब्रेड मिळेल, आपुलकी मिळणार नाही.

आव्हालों गावापासून भूमध्य समुद्रापर्यंत जाणारा जीटीएमसी हा सुमारे १,४०० किलोमीटरचा माउंटन बाइक मार्ग याच जंगलातून सुरू होतो. आपण त्याचे काही तुकडे वापरणार, सगळा नाही.

इथलं जंगल बहुतांश खासगी आहे. ‘प्रोप्रिएते प्रिव्हे’ पाटीपलीकडे जाऊ नका. नकाशावर दाट झाडी दाखवलेल्या जागी अचानक उघडं माळरान लागलं तर नकाशा चुकलेला नाही, नुकतीच तोड झाली आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारी मदतीनं इथं डग्लस फरची रांगेत लागवड झाली. ही झाडं तयार झाली की अख्खा उतार एकदम तोडतात. त्यावरून गावात भांडणं आहेत, काही लोकांनी वर्गणी काढून जुन्या ओक-बीचचे तुकडे विकत घेऊन वाचवले आहेत. सायकलस्वारापुरतं सांगायचं तर, तोडीनंतर यंत्रांच्या चाकोऱ्या हातभर खोल होतात आणि आठवडाभर पाणी धरतात. त्यांत चाक घालू नका. मधल्या उंच गवती पट्ट्यावरून जा, किंवा उतरून चाला.

कुरणांतून जाताना वाटेवर विजेची तार आडवी असते. तिला प्लास्टिकची मूठ आणि स्प्रिंग असते. मूठ धरा, आकडा काढा, सायकल पलीकडे न्या, आकडा परत लावा. सायकल तारेला टेकवू नका; आतेभावाने टेकवली होती, त्यानंतर दोन दिवस तो मुठीजवळ मलाच पाठवायचा. तारेपलीकडची पांढरी धिप्पाड गुरं शारोले जातीची. गाईसोबत वासरू असेल तर लांबून वळसा.

मंगळवार: वेझले ते कारे-ले-तोंब

सोमवारी पॅरिस बेर्सीहून आव्हालोंच्या बाजूची टेर, म्हणजे प्रादेशिक गाडी, घेऊन सेर्मिझेल-वेझले स्टेशनवर उतरायचं. सायकल न उघडता डब्यात नेता येते, पण काही गाड्या मध्ये बदलाव्या लागतात; तिकीट काढताना पाहून घ्या. स्टेशनपासून वेझले दहाएक किलोमीटर. शेवटचा चढ गावातल्या दगडी रस्त्याचा.

वरची बॅसिलिका सकाळी लवकर पाहा. येशूची शिष्या मेरी मॅग्डालेन हिचे अवशेष इथं आहेत या श्रद्धेनं मध्ययुगात युरोपभरातून यात्रेकरू यायचे. ११४६ मध्ये बर्नार्ड या साधूनं दुसऱ्या धर्मयुद्धाची (क्रुसेडची) हाक याच टेकडीवरून दिली. एकोणिसाव्या शतकात इमारत पडायला आली होती, १८४० मध्ये व्हियोले-ल-द्यूक या विशीतल्या वास्तुविशारदानं ती सावरायला घेतली. २१ जूनच्या आसपास सूर्य माथ्यावर येतो तेव्हा खिडक्यांतून पडलेले उन्हाचे ठिपके मधल्या वाटेवर एका रांगेत उमटतात, थेट वेदीपर्यंत. इथं तळव्याला क्लीट, म्हणजे पेडलमध्ये अडकणारा तुकडा, असलेले बूट घालून टकटक करत शिरू नका.

मग सँ-पेर, पिएर-पर्तुईचा पूल, आणि बाझॉश. बाझॉशचा किल्लेवजा वाडा व्होबांचा. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याचा हा दुर्गतज्ज्ञ. मास्त्रिख्तचा वेढा जिंकल्याबद्दल मिळालेल्या बक्षिसातून त्यानं १६७५ मध्ये हा वाडा घेतला. म्हणजे रायगडावर राज्याभिषेक झाला त्याच्या पुढच्याच वर्षी. महाराजांपेक्षा तीनच वर्षांनी लहान. मराठी माणसाला इथं तुलना सुचल्याशिवाय राहत नाही आणि ती करावीच: आपले गड कड्यांच्या भरवशावर उभे, याचे किल्ले सपाट जमिनीवर कोनांच्या हिशेबावर. वाड्यातल्या लांब दालनात तो नकाशे काढायचा. पार्थिव गावच्या चर्चमध्ये पुरलं आहे, हृदय मात्र नेपोलियननं १८०८ मध्ये पॅरिसला नेलं.

संध्याकाळी कारे-ले-तोंब. चर्चभोवती दगडी शवपेट्या रांगेनं पडलेल्या, शंभरच्या वर. मेरोव्हिंजियन राजांच्या काळातल्या (पाचवं ते आठवं शतक), आणि पूर्वी याच्या कितीतरी पट होत्या. एका लहान गावात एवढ्या कशाला? अभ्यासकांचा एक अंदाज असा की इथं शवपेट्यांचा साठाच असावा. तीही एक वखारच. साधारण ३५ किलोमीटर होतात.

बुधवार: सेतोंच्या तळ्यापर्यंत

वाटेत ला पिएर-की-व्हिरचा मठ, १८५० चा. नावाचा अर्थ हलणारा दगड. तो होता खरा, पण साधूंनी चुन्यानं पक्का करून वर मेरीचा पुतळा बसवला, आता हलत नाही. तिथलं चीज घ्या. पुढे सँ-ब्रिसोंला उद्यानाचं मुख्य कार्यालय आणि प्रतिकार-लढ्याचं म्युझियम आहे. त्याला दीड तास द्या.

जर्मन ताब्याच्या काळात याच झाडीत माकी, म्हणजे भूमिगत लढवय्ये, लपत. तिथून जवळच्या दं-ले-प्लासमध्ये २६ ते २८ जून १९४४ या दिवसांत जर्मन सैन्यानं २७ पुरुष मारले आणि गाव जाळलं. चर्चसमोर सायकलवरून उतरा. आम्ही गेलो तेव्हा चौकात कुणी नव्हतं, फक्त एका खिडकीतून भांडी घासल्याचा आवाज येत होता.

गुलूच्या धबधब्यापर्यंतचा उतार या सगळ्या सहलीतला सर्वांत चांगला, ओल्या मुळांचा, अरुंद. सीट खाली करा, वजन मागं, आणि मुळं तिरकी कापू नका, काटकोनात ओलांडा. तिथून सेतोंचं तळं. नैसर्गिक वाटतं, पण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात बांधलेलं धरण आहे. कशासाठी? लाकूड वाहायला. मोर्व्हाँतले लोक हिवाळ्यात ओंडके तोडायचे, त्यांवर मालकाचा शिक्का हातोड्यानं मारायचे, आणि ओढ्यात सोडून द्यायचे. साठवलेलं पाणी एकदम सोडलं की ओंडके लोंढ्याबरोबर खाली जायचे. क्लाम्सीला शिक्के पाहून वेगळे करत, लांबलचक तराफे बांधत आणि योन नदीतून पॅरिसला नेत. ही पद्धत सोळाव्या शतकात सुरू झाली आणि विसाव्या शतकात संपली.

गुरुवार आणि शुक्रवार: वर, मग बिब्राक्त

गुरुवारी प्लांशेमार्गे आर्लफ. चढ सावकाश पण संपत नाही, तीसेक किलोमीटर भरपूर होतात. इथं पाण्याची सोय सांगून ठेवतो: गावात नळ सापडत नसेल तर कब्रस्तानात जा. फुलांसाठी तिथं नळ असतोच. ‘ओ नों पोताब्ल’ असं लिहिलेलं असेल तर ते पिण्याचं नाही. मुक्कामाला जीत देताप, म्हणजे सामाईक खोल्यांचं विश्रामगृह. रात्रीचं जेवण हवं असेल तर आदल्या दिवशी फोन करा. अंघोळीला गेलात की काखा, गुडघ्यामागचा भाग, कमरेची पट्टी नीट तपासा. गवतात गोचीड आहेत आणि लाइम रोग पसरवतात. चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढायची, तेल-बिल लावायचं नाही.

शुक्रवारी ओ-फोलँच्या कुशीतून ग्लू-आं-ग्लेन. जवळच योन नदीचा उगम, बोटभर ओहोळ. बुधवारी लाकूड वाहून नेणारी नदी ऐकलेली असते, म्हणून तिथं थोडं थांबावंसं वाटतं.

मग मों बव्रे, ८२१ मीटर. माथ्यावर बिब्राक्त, एड्युई या गॉल टोळीचं तटबंदीचं शहर. गॉल म्हणजे रोमन येण्याआधीचा फ्रान्स आणि तिथले लोक. इ.स.पू. ५२ मध्ये व्हर्सिंजेटोरिक्सला इथं सगळ्या गॉलचा सेनापती नेमलं. तो हरला, आणि त्याच हिवाळ्यात रोमन सेनापती सीझर इथंच मुक्कामाला राहिला. पुढे रोमन सम्राट ऑगस्टसच्या काळात लोक खाली ओतांला उतरले आणि वरचं शहर झाडीत गेलं. १८६७ मध्ये ब्युलियो यांनी खणायला सुरुवात केली, १९८४ पासून नव्यानं काम चालू आहे. सायकल म्युझियमपाशी कुलूप लावून ठेवा आणि वर पायी जा. तटाचा एक तुकडा पुन्हा उभारला आहे: आडव्या-उभ्या लाकडी तुळया, त्यांत दगडमाती, सांध्यांना लांब लोखंडी खिळे. इथला कोटही लाकडाचाच.

वाटेवरचे बीच नीट पाहा. खोडं जमिनीपासून फूटभर आडवी जाऊन मग वळसे घेत वर चढलेली. ही मुळात कुंपणं होती. शेतकरी कोवळी झाडं वाकवून एकमेकांत विणायचे. शेतं सुटली, कुंपण वाढत राहिलं आणि त्याचे वृक्ष झाले. त्यांना इथं ‘कल’ म्हणतात. मी एकाला हात लावला, वाकवलेल्या जागी साल हत्तीच्या गुडघ्यासारखी होती.

शनिवार: ओतां आणि परत

उतार, पंचवीसेक किलोमीटर. ग्रॅनाइटची वाळू वळणावर सरकते, पुढचा ब्रेक जपून. डांबरी रस्त्यावर आलात की एक नियम लक्षात ठेवा: खूण नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी वाट द्यायची, तो लहान गल्लीतून आला तरी. आपल्या सवयीत हे बसत नाही.

ओतांत रोमन दरवाजे आणि एकेकाळी वीसेक हजार माणसं मावणारं थिएटर आहे, पण वेळ कमी असेल तर थेट सँ-लाझार कॅथेड्रल गाठा. दारावरचं अंतिम न्यायाचं शिल्प साधारण ११३० चं, त्यावर जिस्लेबेर्तुस हे नाव कोरलेलं. १७६६ मध्ये चर्चच्याच लोकांना ते गावंढळ वाटलं आणि त्यांनी ते चुन्यानं लिंपून टाकलं. म्हणूनच फ्रेंच क्रांतीच्या धुमश्चक्रीत ते फुटलं नाही. १८३७ मध्ये लिंपण काढलं. तराजूच्या पारड्याला लोंबकळून वजन वाढवू पाहणारा सैतान शोधा, मंडईतल्या मापात पाप करणाऱ्याची आठवण येईल.

परतीची गाडी एतां-स्युर-आरूहून, ओतांपासून सतराएक किलोमीटर; तिथून दिजों किंवा नव्हेर. भाड्याची सायकल दुसऱ्या टोकाला परत घ्यायची सोय आहे का हे सुरुवातीलाच ठरवा, नाहीतर तीच गाडीत घालून माघारी न्यावी लागते. डब्यात चढण्याआधी टायरवरचा चिखल काडीनं खरवडून काढा आणि चेनवर जुना टीशर्ट गुंडाळा. टेरमध्ये सायकल बहुधा माणसांच्या सीटशेजारीच उभी राहते, आणि शनिवारी संध्याकाळी त्या सीटवर कुणीतरी पांढरी पँट घालून बसलेलं असतं.